जुन्या गाडीच्या इंजिनाचा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो?

जास्त धावलेल्या गाडीच्या बाबतीत एक क्रम वारंवार पाहायला मिळतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनर एक कोड दाखवतो, त्या कोडच्या वर्णनात ज्या सेन्सरचे नाव असते तो सेन्सर बदलला जातो, दिवा विझतो आणि काही दिवसांनी तोच कोड पुन्हा हजर होतो. मग दुसरा भाग बदलला जातो, त्यानंतर तिसरा. बदललेले भाग बहुतेक वेळा चांगलेच असतात आणि गाडीतला संगणकही खोटे बोलत नसतो. गफलत होते ती कोडचा अर्थ लावताना. हा लेख पेट्रोल इंजिनाच्या अशा चिवट दोषाबद्दल आहे. तो का टिकून राहतो हे एकदा समजले, तर स्कॅनर, मल्टिमीटर आणि थोडी चिकाटी एवढ्यावर घरच्या घरी त्याच्या मुळापर्यंत बऱ्याच अंशी पोहोचता येते.

अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात २००१ पासून नव्या पेट्रोल मोटारींना निदानाची एकसमान व्यवस्था सक्तीची झाली. ओबीडी या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था पुढे इतर अनेक देशांनीही स्वीकारली. म्हणूनच चालकाच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डखाली असलेल्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये कोणताही साधा स्कॅनर लावून जवळपास कोणत्याही कंपनीच्या गाडीचे कोड वाचता येतात. ही व्यवस्था मुळात प्रदूषणावर लक्ष ठेवण्यासाठी आखलेली आहे. एखादा मोजलेला आकडा अपेक्षित मर्यादेबाहेर गेला की ती तक्रार नोंदवते. तो आकडा बाहेर का गेला, हे तिला सहसा ठाऊक नसते. पी-०१७१ हा कोड ‘मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी’ एवढेच सांगतो. त्यामागे फाटलेला होज (रबरी नळी) असू शकतो, थकलेला पेट्रोल पंप असू शकतो, मळलेला सेन्सर असू शकतो किंवा सायलेन्सरच्या पाइपाची चीरही असू शकते.

दिवा ‘काही दिवसांनी’ परत का येतो, याचे उत्तरही या व्यवस्थेच्या नियमांतच आहे. बहुतेक दोषांच्या बाबतीत संगणक पहिल्यांदा दोष आढळल्यावर तो तात्पुरता नोंदवतो आणि लागोपाठ दुसऱ्या फेरीत तोच दोष दिसला तरच दिवा लावतो. फेरी म्हणजे इंजिन सुरू करून, तपासणीसाठी लागणाऱ्या परिस्थितीत गाडी चालवून पुन्हा बंद करणे. दोष सलग तीन फेऱ्यांत दिसला नाही, तर दिवा आपोआप विझतो. त्यामुळे दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली, असे मानणे धोक्याचे आहे. मात्र हाच दिवा लुकलुकू लागला, तर ती वेगळी आणि तातडीची सूचना असते: इंजिन इतके मिसिंग करत आहे, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल पेटायचे इतके चुकत आहे, की न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटत आहे आणि तो महागडा भाग वितळू शकतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करावा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी.

संगणक दोष झाकून ठेवतो

आता मुख्य मुद्दा. पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. हे प्रमाण राखण्यासाठी संगणक आत येणारी हवा मोजतो, त्यानुसार इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडे ठेवायचे ते ठरवतो आणि एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडून निकाल तपासून घेतो. बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन उरलेला दिसला तर तो पेट्रोल थोडे वाढवतो, दिसला नाही तर कमी करतो. या सततच्या दुरुस्तीला फ्यूएल ट्रिम म्हणतात. स्कॅनरवर ती टक्क्यांत दिसते आणि तिचे दोन भाग असतात: क्षणाक्षणाला बदलणारी अल्पकालीन ट्रिम आणि संगणकाने अनुभवातून शिकून लक्षात ठेवलेली दीर्घकालीन ट्रिम. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, म्हणजे पाच टक्के अधिक-उणे असेल, तर इंजिन निरोगी समजावे. बेरीज सतत दहाच्या पुढे राहू लागली की कुठेतरी बिघाड सुरू झालेला असतो. दिवा मात्र बहुतेक गाड्यांत दुरुस्ती वीस-पंचवीस टक्क्यांवर जाईपर्यंत लागत नाही.

जुन्या इंजिनाचे कोडे या मधल्या पट्ट्यात दडलेले असते. समजा, सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या, सांध्यातले गॅस्केट कडक होऊन थोडी हवा चोरून आत येऊ देत आहे आणि तिच्यासाठी संगणक आठ टक्के पेट्रोल वाढवत आहे. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसलेल्या मळीमुळे आणखी सात टक्के वाढवावे लागत आहे आणि पेट्रोल पंपाचा दाब किंचित उतरल्यामुळे आणखी सहा टक्के. प्रत्यक्षात हे आकडे इंजिनाच्या वेगानुसार आणि भारानुसार बदलतात, तरी कल्पना येण्यापुरता हिशेब असा, की एकूण एकवीस टक्के झाले आणि दिवा लागला. आता कोणी सेन्सर साफ केला, तर बेरीज चौदावर येते आणि दिवा विझतो. मालक निर्धास्त होतो. पण चौदा हा काही निरोगी आकडा नव्हे. थंडीत रबर आणखी आकसते, गॅस्केटमधून जास्त हवा शिरते आणि बेरीज पुन्हा मर्यादा ओलांडते. सेन्सर साफ करणे चूक नव्हते. ते एक तृतीयांश काम होते आणि ते पूर्ण काम समजले गेले, एवढेच. जास्त धावलेल्या इंजिनात दोष बहुधा असाच अनेक छोट्या झिजांच्या बेरजेतून तयार होतो आणि ती बेरीज संगणक वर्षानुवर्षे निमूटपणे भरून काढत असतो. म्हणून माझा आग्रह असा, की लक्ष दिव्याऐवजी ट्रिमच्या आकड्यावर ठेवावे आणि तो आकडा शून्याजवळ येईपर्यंत दुरुस्ती संपली असे मानू नये.

हात लावण्यापूर्वी

कोड दिसताच तो पुसून टाकण्याची अनेकांना घाई असते. तसे केल्यास सर्वांत मौल्यवान पुरावा नष्ट होतो. कोड नोंदवला गेला त्या क्षणी इंजिनाचा वेग, भार, कूलंटचे तापमान, गाडीचा वेग आणि ट्रिम किती होती, याची एक नोंद संगणक जपून ठेवतो. ही नोंद वाचून आधी वहीत उतरवून घ्यावी. त्याचबरोबर आपले स्वतःचे निरीक्षणही लिहावे: दोष सकाळी थंड इंजिनावर येतो की अर्ध्या तासाने, चढावर येतो की सिग्नलवर उभे असताना, पेट्रोल भरल्यानंतर लगेच येतो की पावसाळी हवेत. एवढ्या तपशिलावरूनच निम्म्या शक्यता गळून पडतात.

सुरक्षेबाबत थोडक्यात, पण गंभीरपणे. चालू इंजिन बंद जागेत तपासू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. सैल बाही, ओढणी किंवा मोकळे केस पट्ट्याजवळ आणि पंख्याजवळ जाऊ देऊ नयेत. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इंधनाचा दाब शंभर बारच्या बराच वर असतो आणि डिझेलच्या कॉमन रेलमध्ये तो हजार बारच्याही पुढे जातो. अशा दाबाची धार त्वचेत शिरते. त्या पाइपांचे नट घरी उघडू नयेत.

यानंतर पाया तपासावा. ऑइलची पातळी, एअर फिल्टर आणि बॅटरी या अगदी साध्या गोष्टी वाटतात, तरीही इथे वेळ देणे योग्य ठरते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.७ व्होल्ट, काही नव्या गाड्या मात्र चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात. जुन्या गाडीत याहून महत्त्वाची आणि बहुतेकांकडून राहून जाणारी चाचणी अर्थिंगची आहे. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावी आणि दुसऱ्या व्यक्तीला स्टार्टर मारायला सांगावे. मीटरवर ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी आकडा यायला हवा. तो बराच जास्त आला, तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे असे समजावे. सगळे सेन्सर आपले माप जमिनीच्या, म्हणजे अर्थिंगच्या, संदर्भानेच सांगतात. तो संदर्भच हलला तर चांगले सेन्सरही चुकीचे आकडे देतात आणि कोणताही कोड गंजलेल्या पट्टीचे नाव घेत नाही.

ट्रिम कशी वाचावी

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर गाडी उभी ठेवून आयडलिंगला दोन्ही ट्रिमची बेरीज लिहावी. मग रेस वाढवून वेग मिनिटाला २५०० फेऱ्यांवर अर्धा मिनिट स्थिर धरावा आणि पुन्हा बेरीज लिहावी. तिसरा आकडा भाराखालचा, म्हणजे चढावर किंवा वेग घेतानाचा. तो शेजारी बसलेल्या व्यक्तीने पाहावा, चालवणाऱ्याने कधीही नाही. या तीन आकड्यांतून जेवढे कळते तेवढे दुसऱ्या कुठल्याही स्वस्त चाचणीतून कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आयडलिंगला इंजिन सेकंदाला ३ ग्रॅम हवा घेत आहे आणि थ्रॉटलच्या, म्हणजे हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या, पुढे असलेल्या एका फटीतून अर्धा ग्रॅम हवा न मोजता आत येत आहे, असे समजू. न मोजलेली हवा मोजलेल्या हवेच्या जवळपास १७ टक्के झाली, म्हणजे ट्रिमही तितकीच वर जाईल. रेस वाढवल्यावर इंजिन सेकंदाला १० ग्रॅम हवा घेऊ लागते, पण फट तेवढीच राहते; तिचा वाटा आता ५ टक्क्यांवर येतो. म्हणून आयडलिंगला जास्त असलेली ट्रिम रेस वाढवताच खाली आली, तर व्हॅक्यूमची गळती, म्हणजे अशी चोरून आत येणारी हवा, जवळजवळ निश्चित समजावी. याउलट आयडलिंगला ठीक असलेली ट्रिम भाराखाली वाढत गेली, तर इंजिनाला हवे तेवढे पेट्रोल पोहोचत नाही किंवा हवा मोजणारा सेन्सर मोठा प्रवाह कमी दाखवत आहे. तिन्ही ठिकाणी ट्रिम सारखीच वाढलेली असेल, तर पेट्रोलचा दाब आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला पडलेली चीर, या दोन्हींकडे पाहावे.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. काही गाड्यांत हवा थेट मोजली जात नाही. मॅनिफोल्डमधला दाब मोजून तिचे प्रमाण काढले जाते. अशा गाड्यांत चोरून आलेली हवादेखील दाबाच्या रूपाने संगणकाला कळते. त्यामुळे ट्रिम फारशी हलत नाही. आयडलिंगचा वेग मात्र विनाकारण चढा राहतो. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे मॅन्युअलमधून आधी पाहून घ्यावे; नाहीतर वरचे तर्क उलटे पडतील.

गळती शोधणे हे डोळ्यांचे, कानांचे आणि बोटांचे काम आहे. थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतचे प्रत्येक रबर वाकवून पाहावे, कारण वरून धड दिसणारा होज वळणाच्या आतल्या बाजूला तडकलेला असतो. रबराच्या नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक सांध्यांवरून फिरवले, तर बारीक शिट्टीही ऐकू येते. संशयित जागी पाण्याचा अगदी हलका फवारा मारावा, विजेचे भाग टाळावेत. पाणी क्षणभर फट बुजवते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. या कामासाठी पेट घेणारे क्लीनर वापरण्याची पद्धत रूढ आहे, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ तसले काही फवारणे मला मान्य नाही. ऑइल भरण्याच्या तोंडाचे झाकण चालू इंजिनावर उघडताना जोराची ओढ जाणवली, तर क्रँककेसमधील वाफ परत इंजिनात नेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी असते. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्हही असाच फसवतो. थंड इंजिन आयडलिंगला असताना तो बंद असायला हवा. टाकीकडून येणारा होज काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवले आणि तेव्हाही ओढ लागली, तर तो उघडा अडकला आहे. पेट्रोल भरल्यानंतर गाडी लगेच सुरू होत नसेल, तर सर्वप्रथम याच व्हॉल्व्हवर संशय घ्यावा. ही सर्व तपासणी थंड इंजिनावर सुरू करावी, कारण तापल्यावर प्लास्टिक आणि रबर फुगून बारीक फटी मिटतात.

भाराखालच्या तुटवड्यासाठी हवा मोजणारा सेन्सर त्याच्यासाठी बनवलेल्या स्प्रेने, तारेला स्पर्श न करता साफ करावा आणि ट्रिम पुन्हा पाहावी. फरक पडला नाही, तर पेट्रोलचा दाब गेजने मोजावा आणि मॅन्युअलमधील आकड्याशी ताडावा. ज्यांना हे काम सरावाचे नाही त्यांनी ते गॅरेजमध्ये करून घ्यावे. ट्रिम उणे दहाच्या खाली असेल, म्हणजे संगणक पेट्रोल सतत कमी करत असेल, तर झिरपणारा इंजेक्टर, दाब नियंत्रकाचा फाटलेला पडदा किंवा ऑइलमध्ये मिसळलेले पेट्रोल या दिशेने जावे.

ऑक्सिजन सेन्सरवर सर्वाधिक अन्याय होतो. तो फक्त ऑक्सिजन ओळखतो, पेट्रोल नाही. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर तिथली हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता बाहेर येतात. सेन्सर त्यातला ऑक्सिजन पाहून ‘पेट्रोल कमी आहे’ असे कळवतो आणि संगणक आणखी पेट्रोल ओततो. म्हणून मिसिंगचा (मिसफायरचा) कोड, म्हणजे पी-०३०० किंवा पी-०३०१ पासून पुढचे सिलिंडरनिहाय कोड, ट्रिमच्या कोडबरोबर आला असेल, तर आधी मिसफायर सोडवावा. कन्व्हर्टर निकामी झाल्याचा इशारा देणारा पी-०४२० हा कोडही अनेकदा जुन्या मिसफायरचा किंवा ऑइल जळण्याचा परिणाम असतो. कारण न सोडवता नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

मिसफायर एकाच सिलिंडरचा असेल तर

पी-०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग करत आहे. प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद करून तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावावी, कोड पुसावा आणि गाडी फिरवावी. कोड पी-०३०२ झाला, तर कॉइल दोषी. तो तिसऱ्यावरच राहिला, तर कॉइल निर्दोष. मग हीच अदलाबदल स्पार्क प्लगची करावी. एका वेळी एकच गोष्ट हलवावी, नाहीतर निकालाचा अर्थ लागत नाही. कॉइलमधून हजारो व्होल्टची वीज जाते, म्हणून चालू इंजिनावर ती हाताने ओढू नये.

काढलेले प्लग क्रमाने मांडून पाहावेत. फिकट तपकिरी टोक ठीक असते. कोरडी काजळी जास्त पेट्रोल दाखवते. ओले काळे ऑइल वरून झडपांच्या सीलमधून किंवा खालून पिस्टनच्या रिंगांमधून येते. चारांतील एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ दिसला आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी त्या सिलिंडरमध्ये शिरत असण्याची दाट शक्यता असते.

प्लग आणि कॉइल दोन्ही निर्दोष ठरले, तर काहीही नवे विकत घेण्यापूर्वी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तेव्हाचा दाब, मोजावे. इंजिन कोमट असावे, सर्व प्लग काढलेले असावेत, पेट्रोल आणि ठिणगी बंद केलेली असावी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार दिसतात. पण निव्वळ आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा असतो आणि तो पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर झडपा किंवा गॅस्केट गळत आहे. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब सारखाच पडला असेल, तर त्यांच्यामधले गॅस्केट जळाले असण्याची शक्यता सर्वाधिक असते. ही मोजणी सर्वांत शेवटी केली जाते, याचे मला वाईट वाटते. कॉम्प्रेशनच नसलेल्या सिलिंडरला नवा इंजेक्टर, नवी कॉइल आणि नवा सेन्सर यांपैकी काहीही वाचवू शकत नाही, हे अर्ध्या तासाच्या कामात कळू शकते.

गरम झाल्यावर बंद पडणारे आणि गार झाल्यावर सुरू होणारे इंजिन बहुधा इंजिनाचा वेग मोजणाऱ्या क्रँकशाफ्टच्या सेन्सरच्या बिघाडाचे लक्षण असते. इंजिन बंद पडलेले असतानाच स्टार्टर मारून स्कॅनरवर वेग पाहावा. इंजिन फिरत असूनही वेग शून्य दिसला, तर सेन्सर किंवा त्याची तार दोषी आहे. तारेकडे विशेष लक्ष द्यावे. कनेक्टर उघडून हिरवट गंज, सैल पिना आणि एक्झॉस्टजवळ भाजलेले आवरण पाहावे आणि चालू इंजिनावर पट्टा-पंख्यापासून दूर राहून वायरिंगचा जुडगा हळूच हलवत स्कॅनरवरचे आकडे उडी मारतात का, ते तपासावे.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसावा. कोड पुसताच शिकलेली दीर्घकालीन ट्रिम बहुतेक गाड्यांत शून्यावर येते, म्हणून लगेच दिसणाऱ्या चांगल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. वहीत उतरवलेल्या परिस्थितीत, म्हणजे तेच तापमान, तोच वेग, तसाच चढ, अशी गाडी काही फेऱ्या चालवावी आणि स्कॅनरवर सर्व अंतर्गत तपासण्या पूर्ण झाल्याचे दिसेपर्यंत थांबावे. त्यानंतर आयडलिंगची, २५०० फेऱ्यांची आणि भाराखालची बेरीज पुन्हा लिहावी, शेजारी किलोमीटरचा आकडा आणि तारीख टाकावी. काही महिन्यांनी तीच मोजणी पुन्हा केल्यावर आयडलिंगचा आकडा ३ वरून ९ वर गेलेला आढळला, तर पुढचा होज कधी शोधायला घ्यायचा, हे दिवा लागण्याच्या बरेच आधी कळते.